परतीचा टाका

दाभोळच्या जेटीवर, तिकिटाच्या खिडकीमागे
माझ्या मांडीवर वीतभर मॅटी.
पांढरी. म्हणजे अजून तरी पांढरी.
फेरीबोट धोपाव्याला गेली की
मला चाळीस मिनिटं मिळतात,
त्यातली दहा गल्ल्यातल्या नाण्यांची,
पाच चहाची,
उरलेली या भोकांची.

मैमुना परकार म्हणाली, रंगबिंग विसर.
एक काळी लडी आण. सहापदरी असते,
त्यातले दोन पदर घे, बाकीचे गुंडाळून ठेव.
सुई बोथट हवी.
कापडाला टोचायचं नाही,
नुसतं विचारायचं, जाऊ का?
आणि गाठ मारायची नाही.

गाठ नाही?
आमच्या घरात दोन पिढ्या गाठीवर जेवल्या.
बाबा पायाच्या अंगठ्याला जाळं अडकवून बसत,
बोलता बोलता गाठी पडत जात,
मोजत नसत ते, त्यांची बोटंच मोजत.
गाठ सुटली की बांगडा सुटला.
आणि ही बाई सांगते,
दोऱ्याची शेपूट मोकळी सोड,
मग हळूच टाक्यांखाली दडव,
मागची बाजू पुढच्यासारखी दिसली पाहिजे.
मी म्हटलं, मागे कोण बघतंय?
ती काही बोलली नाही. चष्मा पुसला.

सासूबाईंनी कापड उजेडात धरलं.
पांढऱ्यावर काळं कशाला गो?
तीट असावी पोराच्या गालावर, तेवढं काळं बास.
मी म्हटलं, तीटच समजा,
जरा जास्त नजर लागलीय.

दोन धागे वर, दोन धागे खाली.
एक टाका दिसतो, पुढचा दिसत नाही.
रेघ अशी तुटक तुटक,
ओहोटीच्या पुळणीवरून
कुर्ली चालून गेल्यासारखी.
टोकाला पोचायचं, सुई वळवायची
आणि त्याच वाटेनं, त्याच भोकांतून
जाताना जे रिकामं सोडलं
ते भरत यायचं.
मैमुना याला परतीचा टाका म्हणते.
बाहेर भोंगा झाला, बोट परत येत होती.
मला काही सुचणार होतं तेवढ्यात
अठरा मोटरसायकली, एक रुग्णवाहिका
आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्यांनी भरलेला टेम्पो.

तिसऱ्या दिवशी चांदणी बंद होईना.
आठवं टोक पहिल्याला भेटेना.
एक धागा. फक्त एक.
चूक इथे नव्हती, ती सोमवारची होती,
बहुधा त्या गृहस्थाच्या वेळची
ज्यानं पाचशेची नोट दिली
आणि वर माझ्याकडेच रागानं पाहिलं.
उसवलं.
दोरा निघाला, काळं निघालं नाही.
बारीक लव भोकांच्या कडेला राहिली.
चिकटपट्टी लावून पाहिली, फुंकून पाहिलं.
लाल असतं तर धुतलं असतं, पिवळं असतं तर खपलं असतं.
काळं म्हणजे एकदा बोललेलं.

संध्याकाळी तसंच मळकं कापड घेऊन
मैमुनाच्या पडवीत गेले.
तिनं बघितलं, आत गेली,
पेटीतून एक अभ्रा काढून आणला,
लग्नाआधीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा.
काळी वेल चारी बाजूंनी शिस्तीत निघालेली
आणि चौथ्या कोपऱ्यावर
उगाच एक वळण, उगाच एक जादा पान.
म्हटलं, हे पान छान आहे.
पान नाय गो ते, ती म्हणाली,
चुकलेला आकडा आहे.
उलटं करून दाखवलं.
तिकडेही ते पान होतं.

उसवलेल्या जागी आता मी
चांदणीला एक शेपटी काढतेय.
कशाची म्हणून विचारू नका, ठरलेलं नाही.

आज एकानं खिडकीत हात घातला.
मी म्हटलं, दोन वर, दोन खाली.
तो म्हणाला, काय?
चार माणसं ना? मी म्हटलं,
खालीच उभे राहा सगळे, वर ऊन आहे.
सुई कापडात खोचलेली होती, निम्म्या टाक्यात.